कातरलेले शब्द

निजामी अमदानीत वारंगा फाट्यावर मोटारीची वाट पाहता पाहता माणसाची दाढी गुडघ्यापर्यंत यायची. अशाच एका दुपारी माझ्या शेजारी एक धनगर बसला होता. त्याच्या मिशांत दोन कोकरं सहज लपली असती. तो चारेक वर्षांच्या लेकीला पुठ्ठ्याचे तुकडे दाखवत होता. प्रत्येकावर मास्तरांनी एकेक शब्द लिहून दिलेला.

"मीठ! घर! पानी!" पोरगी धडाधड सांगत होती.

"उद्या पाचीबी शब्द वळखले, तरच मास्तर साळंत घेनार," तो म्हणाला.

त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं. म्हणून मेंढरांवर करतात तशी त्यानं प्रत्येक पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर वेगळ्या रंगाची खूण केली होती. मी गमतीनं एक खूण अंगठ्यानं झाकली. पोरगी माझा अंगठा उचलून खालचा रंग शोधायला लागली!

"रंग पाहून सांगून राहिली व्हय गं!" धनगर हबकला. मग म्हणाला, "चूक माजीच. लोकर कातरली तरी मेंढरू तोंडावरून वळखाया पायजे."

त्यानं कमरेची कातर काढून सगळे रंगीत कोपरे उडवले. आता त्याला एकही शब्द ओळखू येईना. मग मी शब्द सांगत गेलो आणि पोरगी त्यांची तोंडं न्याहाळत गेली. मोटार यायला एक युग होतंच.

शेवटी तिनं आपणहून एक पुठ्ठा उचलला. "पानी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बराबर हाय का, पाव्हनं?"

मला खरं बोलायची फारशी सवय नाही. पण त्या दिवशी खोटं बोलायची गरजच पडली नाही.

"बराबर," मी म्हणालो.