स्वच्छ पोती

फेस येतच नव्हता. चाचणीचा चौथा दिवस होता आणि खाणीवरच्या नव्याकोऱ्या प्लांटच्या टाकीत राखाडी पाणी नुसतं गोल गोल फिरत होतं. मी लोखंडी जाळीवर गुडघे टेकून टाकीत डोकावत बसले होते. बडोद्याजवळ वाघोडियातल्या आमच्या प्रयोगशाळेत हाच दगड, हेच रसायन आणि हीच मी. तिथे एवढा फेस यायचा की तो काढता काढता माझे हात दुखायचे. इथे काय धाड भरली होती, देव जाणे.

मी काय काम करते हे माझ्या आईला आजवर नीट कळलेलं नाही. बडोद्यात पाणीगेटच्या घरी कोणी विचारलं की ती सांगते, "दगडाचं पीठ करते आणि त्याला फेस आणते." थट्टेनं सांगते, पण चूक काही नाही त्यात. फ्लोरस्पार नावाचा एक दगड असतो, ॲसिडच्या आणि पोलादाच्या कारखान्यांना लागतो. तो निघतो तो दुसऱ्या दगडांत मिसळलेला. मग सगळंच पिठासारखं दळायचं, पाण्यात कालवायचं, तेलासारखं एक रसायन थेंब थेंब सोडायचं आणि खालून हवा द्यायची. हवे ते कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, नको ते खाली राहतात. वरचा फेस काढून घेतला की झालं. सांगायला इतकंच आहे, पण ते बसवायला माझी तीन वर्षं गेली.

ही खाण बडोद्याच्या पूर्वेला, गाडीनं अडीच तासांवर. चांगला माल आधीच्या लोकांनी कधीच काढून नेला. मागे उरला तो टाकाऊ दगडांचा भलामोठा ढिगारा. त्या ढिगाऱ्यातूनही फ्लोरस्पार काढता येईल, असं मी माझ्या रिपोर्टात लिहिलं, आणि माझ्या सहीवर मालकांनी प्लांट उभा केला. चाचणी आठ दिवसांची. फेस आला तर प्लांट चालणार, नाही आला तर कुलूप, आणि माझी तीन वर्षं कपाटात.

पहिल्या दिवशी मी रसायन वाढवलं. दुसऱ्या दिवशी आणखी वाढवलं. मग पाण्याला दोष दिला, बोअरचं पाणी जड असतं म्हणून टँकर मागवला. मग टाकीत पाणी घुसळणाऱ्या पंख्याचा वेग बदलला. मग पंखा चालवणाऱ्यावर डाफरले. तो प्लांटचा ऑपरेटर, वयानं माझ्याएवढाच, शांत माणूस. तो दुसऱ्याच दिवशी म्हणाला होता, "बेन, माल चिकट आहे ने. माल नेणाऱ्या पट्ट्याला लागतोय." मी काय म्हणाले? म्हणाले, "तुम्ही पट्टा बघा, मालाचं मी बघते." बिचारा पट्ट्याकडे वळला. मीही असल्या वेळी ऐकून घेणाऱ्यातली नाही. माझा नवरा म्हणतो, तुझ्या नाकावरचा राग उतरेपर्यंत चहा दोनदा गार होतो. खरं आहे. पण तीन वर्षं जीव ओतलेली गोष्ट डोळ्यांदेखत पाण्यात फिरत असली की कुणाला गोड बोलायला सुचतं?

त्यात बडोद्याहून साहेबांचा दर तासाला फोन. साहेब म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, मला नोकरीला घेणारे तेच. "काय गं, आला का फेस?" जसं काही पाहुणाच यायचा होता स्टेशनवर!

चौथ्या दिवशी दुपारी मी ठरवलं, गेला प्लांट खड्ड्यात. प्रयोगशाळेत करते तोच छोटा प्रयोग इथे, याच पाण्यानं करून बघायचा. टेबलावरचं यंत्र मी गाडीत घालून आणलंच होतं. हवा होता फक्त पोतंभर माल. म्हणून सॅम्पलवाल्या काकांना हाक मारली.

हे काका खाणीवरचे जुने. ढिगाऱ्यातून ठरल्या जागांवरचे दगड गोळा करायचे, पोत्यात भरायचे, चिठ्ठी बांधायची आणि वाघोडियाला पाठवायचे, हे त्यांचं काम. तीन वर्षांत त्यांनी पाठवलेलं एकही पोतं फाटकं नव्हतं, एकाही चिठ्ठीवर खाडाखोड नव्हती. दगड असे लख्ख असायचे की आमची प्रयोगशाळेतली बाई म्हणायची, हे शोकेसमध्ये मांडा. मी फोनवर त्यांना कितीदा म्हटलं असेल, "काका, तुमच्यासारखं सॅम्पल कोणी पाठवत नाही." मनापासून म्हणत असे.

"काका, नेहमीसारखं एक पोतं आणा. लवकर," मी म्हणाले.

"हा बेन, लाव्यो," म्हणून ते गेले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. ढिगारा तर समोर दिसत होता! शेवटी मी तरातरा त्यांना शोधायला निघाले, तोंडात वाक्य तयारच होतं.

काका शेडच्या मागे नळापाशी उकिडवे बसले होते. समोर चाळणी. चाळणीत दगड. हातात काथ्याचा ब्रश. एकेक दगड उचलून ते घासत होते, नळाखाली धरत होते आणि ताडपत्रीवर वाळत मांडत होते. चाळणीखालून पिवळसर, घट्ट गाळ वाहून चरात जात होता. थोडाथोडका नव्हे, चर भरला होता.

मी तिथेच उभी राहिले. त्या चरात काय वाहून चाललंय हे मला एका क्षणात कळलं. तो बारीक गाळ टाकीत गेला की रसायन सगळं पिऊन टाकतो आणि दगडाच्या कणांवर चढून बसतो. मग बुडबुड्याला चिकटायला काही उरतच नाही. प्लांटमध्ये ढिगारा जसा आहे तसा जात होता, गाळासकट. माझ्या टेबलावर तीन वर्षं आंघोळ घातलेले दगड येत होते.

"काका, हे काय करताय?"

"सॅम्पल बनवतो ने, बेन. नेहमीसारखं."

"धुवायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जरा गोंधळून म्हणाले, "तमे ज तो कह्युं हतुं, बेन."

मीच सांगितलं होतं. आणि मला आठवलंही लगेच, हेच वाईट. तीन वर्षांपूर्वीचं पहिलं पोतं. प्रयोगशाळेत नुकतीच पांढरी फरशी बसवलेली, त्याच दिवशी पाहुणे यायचे होते, आणि ते पोतं दारातून आत येईपर्यंत चिखलाचा ओघळ थेट माझ्या टेबलापर्यंत आलेला. मी फोन उचलला आणि ओळखपाळख नसलेल्या त्या माणसाला झापलं, "हा चिखल मला पाठवायचा नाही! दगड पाठवा, धुऊन पुसून!" पावसाळ्यातला चिखल असेल म्हणून विषय सोडून दिला. पुढे ढिगारा बघायला मी दोनदा आले, ती दोन्ही वेळा भर उन्हाळ्यात. तेव्हा तो गाळ वाळून खडक झालेला. आणि ही मी, नव्या लोकांना पहिल्या दिवशी बजावते की सॅम्पल जसं आहे तसं घ्या, आपली अक्कल लावू नका!

"एकेका पोत्याला अर्धा दिवस जातो," काका म्हणाले. "घरवाळी पण लागते कधी मदतीला. पण तुमच्याकडे मोठे लोक येतात ने."

तेवढ्यात फोन वाजला. मी साहेबांना कारण सांगितलं, सॅम्पल धुतलं जात होतं एवढंच. कोणी सांगितलं होतं ते सांगितलं नाही. साहेबांना तर आनंदच झाला. "वा! म्हणजे चूक आपली नाही. लिही, साइटवर सॅम्पल नियमाप्रमाणे घेतलं गेलं नाही. त्या माणसाला काढायला सांगतो मालकांना, नि आपण नव्यानं सुरू करू."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. पुरते दोन-तीन श्वास वाटलं. वाक्य तयार होतं, खरंही होतं. काका ओला ब्रश हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होते. फोनवरचं आमचं भराभर मराठी त्यांना कळत नव्हतं.

"साहेब, त्यांना मी सांगितलं होतं धुवायला," मी म्हणाले. "फोनवर. ओरडून."

मग ते म्हणाले, "लेखी आहे का ते?"

"नाही."

"मग कशाला सांगतेस?"

मी रिपोर्टात ते लेखी केलं. कारणाच्या रकान्यात माझं नाव आणि मी फोनवर काय म्हणाले ते, जसंच्या तसं. मालकांनी चाचणी पाचव्या दिवशीच थांबवली आणि प्लांटला कुलूप घातलं. गाळ आधी वेगळा काढणारी टाकी बसवून पुन्हा बघा, म्हणून मी किती पत्रं लिहिली. "बघू" याच्यापुढे उत्तर गेलं नाही. माझा रिपोर्ट कपाटात गेला. साहेब आता मला "तू" न म्हणता "मॅडम" म्हणतात. काका मात्र कामावर आहेत.

टाकीची परवानगी नाही तर नाही, टेबलावरचा प्रयोग तरी पहिल्यापासून करते म्हणून मी काकांना निरोप धाडला: एक पोतं पाठवा, अजिबात न धुता. गेल्या आठवड्यात ते आलं. दारातून टेबलापर्यंत पिवळा ओघळ. चिठ्ठी नेहमीसारखी नेटकी बांधलेली.

मी सुतळी सोडत होते तेवढ्यात काकांचा फोन आला. पोतं पोचलं का ते त्यांनी विचारलं. पोचलं म्हटलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बेन, फरशी खराब झाली असेल ने. रागावू नका."