पहिली फोड

आष्टीच्या बाजारातली ती फळवाली पहिली फोड स्वतः खाते, डोळे मिटते आणि निकाल देते. निकाल वाईट असला तरी अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात.

परवा तिनं पहिल्यांदाच ड्रॅगन फ्रूटची पेटी आणली. बाया जमल्या, पण हात कोणी लावेना. पेटी त्या दिवशी खपली नसती, तर घरी सडली असती. तिनं फोड खाऊन डोळे मिटले.

"काईच चव नाई, माय!"

बाया जायला वळल्या. माझा जीव कळवळला. नवी नवरी असताना लिची सालीसकट चावून सासरी "छान आहे" म्हणणारी शहाणी मी! तीच मी पुढे झाले, फोड तोंडात टाकली आणि म्हणाले, "अगं, साखर आहे साखर!"

"आजी, काऊन खोटं बोलून राह्यल्या? मी आत्ताच खाल्लं ना!"

बाया खो खो हसत परत पेटीभोवती आल्या. तिनं काकडीला लावतात तसं तिखटमीठ भुरभुरलं, पुन्हा खाल्लं, पुन्हा डोळे मिटले.

"आता जमलं."

पेटी रिकामी झाली.

पुढच्या बाजारी तिनं मला लांबूनच हाक मारली, "या आजी! आज पपई आहे. तुमाले खोटं बोलाचं काम नाई!"