संगीता मॅडम आणि माझा न मिटणारा मेनू

मॅडमच्या हाताला केमोची सुई असायची आणि मी त्यांना विचारत असायचे, "मॅडम, माझा मेनू का उघडत नाही?"

मला माहीत नव्हतं.

वर्षभर स्वतःला हेच सांगतेय. उपयोग होत नाही.

आज संगीता मॅडमना जाऊन वर्ष झालं.

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. साताऱ्यात स्टँडच्या मागे एका कॉम्प्युटर क्लासमध्ये त्या वेबसाइट बनवायला शिकवायच्या. मी उंब्रजहून एसटीनं जायचे. वर्गात सगळी कॉलेजची पोरं, आणि मी एकटी दोन लेकरांची आई.

पहिल्या दिवशी मी गुपचूप शेवटच्या मशीनवर जाऊन बसले. मॅडम उठून आल्या. माझी पिशवी उचलली आणि सगळ्यात पुढच्या मशीनपाशी नेऊन ठेवली.

मला आमच्या बचत गटाची वेबसाइट करायची होती. कांदा-लसूण मसाला, चटण्या, काकवी. वर एक मेनू, त्यात "मसाले"वर बोट लावलं की खाली सगळे मसाले उघडायला हवेत. एवढंच.

घरी सांगितलं की मेनू बनवतेय, तर आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "हाटेल काढतीस व्हय?"

मॅडमना हे सांगितलं तर त्या खुर्चीत मागे रेलून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

एचटीएमएल मला जमलं. पण जावास्क्रिप्टनं रडवलं.

बटण दाबायचे, काहीच व्हायचं नाही. खाली लाल अक्षरात एरर. मला वाटायचं, कॉम्प्युटर माझ्यावर ओरडतोय.

मॅडम शेजारी स्टूल ओढून बसायच्या. कीबोर्डला हात लावायच्या नाहीत.

"अगं, पान अजून उघडलं नाही आणि तुझी स्क्रिप्ट मेनू शोधायला निघाली. तिला तो दिसणार कसा? पानाच्या शेवटी टाक तिला."

शेवटी टाकली. मेनू उघडला. मी वर्गात टाळी वाजवली आणि सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली.

मग एक दिवस मॅडमनी क्लास सोडला. घरची थोडी अडचण आहे, सांगलीला परत जातेय म्हणाल्या. वजन उतरलं होतं त्यांचं. मी म्हटलं, मॅडम, डाएट करताय का? त्या हसल्या.

जाताना एवढंच म्हणाल्या, "अडलं की मेसेज कर. लाजू नको."

मी लाजले नाही.

रोज मेसेज. कधी सकाळी भाकरी थापता थापता, कधी शेतातून. त्या व्हॉइस नोट पाठवायच्या. आवाज बारीक झाला होता. मागे कसली तरी टिकटिक ऐकू यायची, बायकांची बोलणी ऐकू यायची. मला वाटायचं बँकेत असतील, रांगेत असतील.

उत्तर यायला उशीर झाला की मी नुसतं प्रश्नचिन्ह पाठवायचे.

ती प्रश्नचिन्हं अजून आहेत फोनमध्ये. डिलीट करायचा धीर होत नाही.

शेवटी अडलं ते मोबाइलवरच्या मेनूला. वर कोपऱ्यात असतात त्या तीन रेघा दाबल्या की मेनू उघडायचा, पण परत मिटायचा नाही. सगळं पान झाकून बसायचा. कोड पाठवला.

त्यांची नोट आली. "आज मी सांगणार नाही. तू शोध. सापडलं की मला दाखव."

मला वाईट वाटलं. म्हटलं, कंटाळल्या वाटतं मॅडम मला. रागानं दोन-तीन दिवस मेसेजच केला नाही.

मग मला सापडलं. मी फक्त उघडायचं सांगितलं होतं, मिटायचं सांगितलंच नव्हतं. एक शब्द बदलला आणि झालं. व्हिडिओ करून पाठवला.

एकच टिक.

दुसऱ्या दिवशीही एकच टिक. मग क्लासच्या ग्रुपवर बातमी आली.

जलदान विधीला सांगलीला गेले. तिथं कळलं, मिरजेच्या दवाखान्यात कित्येक महिने उपचार चालू होते. मॅडमच्या मिस्टरांना मी नाव सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"उंब्रजच्या त्या तुमीच व्हय?"

कार्यक्रम झाल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत बसवलं. म्हणाले, "तुमचा मेसेज वाजला की ती उठून बसायची. आमच्याशी बोलायला दम नसायचा तिला. खरं सांगतो, लय राग यायचा मला तुमचा. एकदा तर फोन लपवून ठिवला."

पुढं म्हणाले, "दिवसभर बोलली न्हाई माझ्याशी. मग दिला."

मी माफी मागितली. मला माहीत नव्हतं, हेही सांगितलं. ते असू द्या म्हणाले नाहीत, आणि मी तशी अपेक्षा तरी कशी करणार?

मग म्हणाले, "तुमी दोघी करत काय होता ते तरी दावा."

मी फोनवर वेबसाइट उघडून त्यांच्या हातात दिली. तीन रेघा दाबा म्हटलं. त्यांनी दाबल्या. मेनू उघडला. परत दाबल्या, मिटला. परत उघडला. मसाल्यावर बोट लावलं, खाली यादी आली. ती त्यांनी सगळी वाचली, अगदी हळू.

"एवढ्यासाठी?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून लेकीला हाक मारली. "हिकडं ये गं. आईनं शेवटी काय केलंय बघ."

ती ओढणीनं हात पुसत आली आणि बापाच्या शेजारी टेकली. दोघं माझा फोन बघत बसले.

त्यांच्या घरातले ते शेवटचे तास माझ्याकडे आले. ते मला परत देता येत नाहीत. मी रडले नाही तिथं, तो हक्क मला नव्हता. एसटीत बसल्यावर रडले.

वेबसाइट चालू आहे. आता मी दुसऱ्यांच्याही करते.

मॅडम, आता निवांत पडून राहा.
मी काही विचारणार नाही.

तुमची,
उंब्रजची विद्यार्थिनी