बांधलेल्या हाताचा सिग्नल

पहिलेच सांगतो, मी भुताखेताले मानणारा माणूस नाही. आमच्या घरात बापाच्या काळापासून अंगारा-धुपारा बंद हाय. इथं या भुताच्या गोष्टींच्या ग्रुपवर लोक चिंचेवरच्या हडळी लिहून राह्यले, ते वाचून मले भेव नाही, राग येते. तरी लिहितो... कारण दुसरीकडं सांगितलं त लोक मलेच शिकवते. चौथी शिकलो हावो, चुका काढत बसू नका.

मी अनसिंगचा. हॅम रेडिओ करतो, म्हंजे सरकारी लायसनवर घरून बिनतारी बोलायचं. सेट मी खुद बनवला, बिस्किटाच्या डब्यात. पावर पाच वॅट, सायकलच्या दिव्याइतकी. एवढ्याशा पावरवर आवाज धड जात नाही, म्हून छोटी-लांब टिक-टिक करायची — मोर्स. अक्षरं इंग्रजी, बोलणं आपलं. सिग्नल वर जाते, आभाळात एक थर हाय, त्याच्यावर आपटून खाली येते. सूर्य नीट असला त मद्रासपर्यंत जाते, बिघडला त शेजारच्या गावातबी नाही.

धनजचा रशीद घड्याळवाला माझा जोडीदार. कितीक वर्षं रोज दुपारी जेवण झालं की आमी दोघं सेटवर. मोर्समधे माणसाचा हात वळखू येते, जशी चाल वळखू येते. रशीद शब्दाची शेवटची टिक ओढायचा, बैलाले हाक मारल्यासारखी. मी म्हणायचो, "घड्याळवाल्या, तुझंच घड्याळ मागं चालते."

दिवाळीपासून तो बंद झाला. फोन लावला त त्याचं पोरगं इमरान म्हणे, "चाचा, अब्बा ठीक हायेत. रेडिओ सोडला त्यांनी."

सोडला? मले न सांगता? राग डोक्यात बसला. तरी रोज दुपारी मी रेडिओवरच्या त्याच्या नेहमीच्या जागेवर कान लावून बसायचो.

उन्हाळ्यातली एक दुपार. बँड, म्हंजे आमची बोलायची लहर, पार मेलेला. सूर्यावर वादळ होतं, मोठ्या पावरवालेबी ऐकू येत नव्हते. नुसती खरखर, तापल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखी. बंद करणार, तेवढ्यात माझं कॉलसाइन, म्हंजे लायसनवरचं रेडिओचं नाव, आलं. साफ. समोर बसून वाजवल्यासारखं... अन शेवटची टिक ओढलेली.

रशीद.

मी जबाब दिला, शिवी देऊनच. तो ऐकेना. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा — माझा हात बांधला. माझा हात बांधला. मंग खरखर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो, भांडायले. शेलूबाजारले गाडी बदलली, धनजले उतरलो तवाबी डोक्यात शिव्याच होत्या.

रशीद लोखंडी पलंगावर पडला होता. तोंड वाकडं. एक बाजू गेलेली. दुसऱ्या बाजूचा हात ओढणीनं पलंगाच्या पाइपाले बांधला होता.

"जयभीम, चाचा," इमरान म्हणे. "दिवाळीत लकवा मारला. आता काही समजत नाही त्यांना. हा हात दिवसभर पाइपावर आपटते, लेकरू झोपत नाही. परवापासून बांधला."

"अन सेट?"

"भंगारात दिला. छपरावरची एरियलची तारबी काढली तवाच."

"मले सांगितलं काहून नाही?"

"तुमी काय करणार होते, चाचा?"

माझं डोकं असं तापलं की सांगता येत नाही. ओढणी मी सोडली. हात थोडा वेळ तसाच पडून राह्यला. मंग बोट पाइपावर... टिक. मंग नखानं ओढल्यासारखी लांब टिक.

"झालं सुरू," इमरान म्हणे.

"चूप बस. मी ऐकून राह्यलो."

मी मोठ्यानं वाचलं. "चहात साखर नाही."

सून शबाना दारात उभी होती. तिनं पदर तोंडाले लावला. "डॉक्टरांनी बंद करायला लावली..."

"काही समजत नाही म्हंता ना?" मी इमरानले म्हटलं. "विचार काही."

तो पलंगाजवळ आला. "अब्बा, मी कोण?"

बोट चाललं. मी वाचलं, "गधा."

पोरगं हसलं नाही. खाली बसलं अन बापाचे पाय धरले.

मंग मी विचारलं, "काल दुपारी सेटवर मले तूच बोलावलं?"

रशीदनं माझ्याकडं पाह्यलं. बोट सावकाश चाललं. "दिवाळीपासून बोलावून राह्यलो. तू काल ऐकलं."

ही गोष्ट मी जाणकार हॅमवाल्यांले सांगितली. कोणी म्हणे दुसरा स्टेशनवाला असंल, कोणी म्हणे जुना सिग्नल फिरून आला असंल, कोणी म्हणे चाचा, वय झालं. वय झालं? त्याचा हात मी वळखतो, तुमी नाही. सेट नव्हता, तार नव्हती, हात बांधलेला. द्या जबाब.

आता रशीद पाइपावरच बोलते. इमरान मोर्स शिकून राह्यला, साखरेपुरती आली त्याले. सेटवर रशीद पुन्हा कधी आला नाही.

कारण मलेबी माहीत नाही. पण राग एकाच गोष्टीचा येते. दिवाळीपासून बँड चांगला होता, मी रोज कान लावून बसलो होतो, अन तो रोज पाइप वाजवून राह्यला होता. तवा सिग्नल काहून नाही आला?