आत्याच्या म्हशीची दगडी

पशुवैद्यकाची पदवी झाल्यावर मी पुढचं शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रात घेतलं, तेव्हा अंबरनाथला आमच्या घरी कुणालाच ते नीट कळलं नाही. जनावरांची डॉक्टर झालीस ना, मग आता काचेच्या बश्यांमध्ये काय बघत बसतेस, असं बाबा विचारायचे. मला मात्र माझी जागा सापडली होती.

चामटोलीच्या आत्याचा फोन आला तो त्याच दिवसांत. तिच्या दुभत्या म्हशीला दगडी झाली होती. कास दगडासारखी कडक, दुधात गाठी. गावाकडे येणाऱ्या डॉक्टरांनी सडात सोडायच्या ट्यूब दिल्या होत्या. एका औषधाने फरक पडला नाही म्हणून दुसरं, मग तिसरं. उलट म्हशीचा ताप वाढला होता.

मी बर्फाचा डबा आणि निर्जंतुक बाटल्या घेऊन गेले. सड धुऊन, पुसून, स्पिरिट लावून पहिल्या धारा सोडून दिल्या आणि मग थोडं दूध बाटलीत घेतलं. आत्या बघत होती.

"दूध न्यायला आलीस का औषध द्यायला?" तिने विचारलं.

"आधी आत कोण बसलंय ते बघू दे. मग औषध."

ट्यूब कशी सोडतेस, हेही मी विचारून घेतलं. आत्या सड पदराने पुसायची आणि ट्यूब सोडायची.

प्रयोगशाळेत स्लाइड रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मी जिवाणू शोधत होते. दिसले ते त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे, लांबट गोल, जांभळे ठिपके. एकाच्या कुशीला दुसरा उगवत असलेला. हे यीस्ट होतं, म्हणजे बुरशीच्या जातीचं. ट्यूबमधलं अँटिबायोटिक त्याला मारतच नाही. ते फक्त वाटेतले जिवाणू मारून त्याला जागा करून देत होतं. न धुतलेल्या सडातून, ट्यूबच्या टोकाबरोबरच यीस्ट आत गेलं असणार.

मला शिकवणाऱ्या मॅडमनी स्लाइड पाहिली. म्हणाल्या, दूध घेताना बाहेरून बाटलीत शिरलेलंही असू शकतं, पुन्हा नमुना आण. माझी खात्री होती, तरी मी पुन्हा चामटोलीला गेले. दुसऱ्या नमुन्यातही तेच वाढलं, आणि दुसरं काहीच नाही.

मग डॉक्टरांना फोन केला. माणूस अनुभवी, माझ्या बाबांच्या वयाचा. मी सगळं सांगितलं.

"मग आता मी काय देऊ?" त्यांनी विचारलं.

"सडात काहीच नको, सर. ट्यूब बंद. तापाचं औषध चालू द्या, आणि दिवसातून जमेल तितक्या वेळा कास पिळून रिकामी करायची. दुधाबरोबर यीस्टही बाहेर पडेल."

त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले. उत्तरं माझ्यापाशी होती. बघू या, म्हणाले.

आत्याला पटवणं जास्त कठीण गेलं. औषध न देणारी डॉक्टर तिने पाहिली नव्हती. पण तिने हात धुऊन, पदर दूर ठेवून, कुरकुरत का होईना, पिळणं सोडलं नाही. हळूहळू ताप उतरला, कास मऊ पडली. एक सड कायमचा आटला; बाकी तिन्हींना स्वच्छ दूध आलं.

पुढच्या महिन्यात त्याच डॉक्टरांनी बदलापूरजवळच्या एका गोठ्यातल्या दुधाची बाटली माझ्याकडे पाठवली. या वेळी त्यांनी ट्यूब आधी दिली नव्हती.