पायाशीचा लाल गोटा

जे साखळीने मोजता येत नाही ते नसतंच, असं मानणारा मी माणूस. जमीन-मोजणीत वीस वर्षं काढली. जंगलात झोपलो, मसणवटीशेजारी झोपलो. कधी काही दिसलं नाही. म्हणून हे लिहिताना हात अडखळतो... पण कारण तेवढंच नाही.

स्वातंत्र्यानंतरची सहा-सात वर्षं. तिरोड्याकडून चोरखमारा तलावाच्या बाजूने आमचं काम चालू होतं. पाठीवर बिस्तर बांधून पायी फिरायचं, संध्याकाळी धानाच्या एखाद्या खळ्यावर मुक्काम. सोबत साखळी ओढणारा सुखराम. मी थंडीचा अगदी कच्चा. दोन ब्लँकेटं घेऊनही पाय गारच. सुखराम माझ्याखाली धानाच्या पेंढ्याचं जाड तणस पसरायचा, शेकोटीत गोटा तापवायचा आणि पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या पायाशी ठेवायचा. वर गाठीवर गाठ.

"नाल्यातला गोटा नाही घ्यायचा, साहेब. पानी पेलेला असते, इस्तवात फुटते. बांधावरचा लाल गोटा पायजे."

"तू असताना मला काय करायचंय?"

"मी का जलमभर तुमच्या पायाशी बसून राहीन जी?" तो हसायचा.

त्याच्याकडे एकच घोंगडी. एका पौषात तीही मी मागून घेतली – फक्त आजच्यापुरती म्हणून. त्या 'आज'चे आठ दिवस झाले. त्याला खोकला लागला. एका रात्री हळूच म्हणाला, "साहेब... आज माही घोंगडी देता का?"

मी जागा होतो. डोळे मिटून पडून राहिलो.

सकाळी तो विझलेल्या शेकोटीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. अंग तापाने फणफणलेलं. बैलगाडीने त्याच्या गावी पोचवला. पाचव्या दिवशी गेला. त्याच्या बायकोला, फुलाबाईला, मी सांगितलं की ताप आधीपासूनच होता. घोंगडी माझ्याकडेच राहिली.

पुढच्या हिवाळ्यात, सुखराम आजारी पडला त्याच खळ्यावर मुक्काम पडला. नवा साखळीवाला जवळच्याच आपल्या घरी गेलेला; मी एकटा. फुलाबाईचं गाव वाटेवर, म्हणून घोंगडी सोबत होती – वळकटीत. पांघरायची हिंमत नव्हती. अंधारात बांधावर लाल गोटा कोण शोधत बसतो? नाल्यातलेच चार गोटे उचलून शेकोटीत टाकले, आणि ऊब लागताच तिथेच डोळा लागला.

जाग आली ती उजाडल्यावर. पाय गरम होते.

नाल्यातले चारही गोटे शेकोटीबाहेर, ओळीने मांडलेले. पायाशी पोत्यात गुंडाळलेला लाल गोटा, अजून कोमट. वर गाठीवर गाठ.

खळ्याच्या मालकाला विचारलं. तो म्हणाला, "एवढ्या हिवात कोन येते जी? येड लागलं का?"

मी सरळ फुलाबाईच्या दारात गेलो. घोंगडी पुढे ठेवून सगळं सांगितलं. मी जागा होतो, हेसुद्धा.

तांदूळ पाखडणारं सूप थांबलं. "मंग सालभर काऊन चूप राहिले?"

मी गोट्याचं सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "गाठी किती होत्या?"

"दोन. एकावर एक."

तिने सूप खाली ठेवलं. "एका गाठीवर त्याहिचा भरोसाच नव्हता," म्हणाली. मग, "आमाले सोडून गेले... अन् अजून तुमचेच पाय शेकून राहिले!"

घोंगडी उचलून झटकली आणि अंगणात उन्हाला बसलेल्या म्हाताऱ्या सासऱ्याच्या अंगावर घातली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. माफी मागायला माझंही तोंड नव्हतं.

तो गोटा कोणी तापवला, आजही सांगता येत नाही. माझ्याकडेच आहे. हिवाळ्यात झोपताना पायाशी घेतो... न तापवता. पाय गारठतात. गारठू देतो.