रंभाबाईंनी मागे घेतलेलं वाक्य

बोईसरच्या एका खासगी दवाखान्यात रंभाबाई एकवीस वर्षं आया आहेत. पेशंटपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या त्या मावशी. कुणी कण्हलं, कुणी घाबरलं, की त्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "काही होत नाही, बाबा."

हे वाक्य तोंडी बसलं ते नवऱ्याच्या, नागोरावांच्या अपघातात. हिंगोलीकडून दोघं तारापूरच्या कारखान्यांत पोट भरायला आले आणि दुसऱ्याच वर्षी नागोरावांची तीन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली. रिक्षात रक्ताने भिजलेला टॉवेल धरून रंभाबाई सारख्या म्हणत होत्या, "काही होत नाही, काही होत नाही." शेवटी नागोराव ओरडले, "अगं, बोटं गेली माझी!" ते ओरडणं रंभाबाईंच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात शिरगावचे रामनाथ भरती झाले. वय बासष्ट, स्वतःची वाडी, साखरेचा जुना आजार. उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलेलं. दोन दिवसांत ती बोटं काढली तर पाय वाचेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. रामनाथ सही करीनात.

"काटा लागलाय. बाकी पायाला काय नाय झालाय."

ड्रेसिंग चालू असताना ते छताकडे बघत आणि ड्रेसिंग संपलं की रंभाबाईंवर तुटून पडत. "मावशी, हा चाय हाय की मोरीचा पाणी? आणि माझी चप्पल कुठं टाकली?"

अर्चना सिस्टर चिडल्या. "तुम्ही ऐकून कशा घेता हो?"

"मला नाही बोलत ते. पायाला बोलतात. मी मधे उभी असते, एवढंच."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा समजवायला आले. रामनाथांनी बोट रोखलं ते रंभाबाईंवर. "या मावशीला इचारा. आलो त्याच दिवशी बोलली, काय होत नाय. ती एकवीस वर्षं हाय इथं. तुमाला किती झाली?"

डॉक्टरांना आठ महिने झाले होते. सगळ्यांनी रंभाबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातातली चादर तशीच राहिली. रिक्षातली ती आरोळी इतक्या वर्षांनी आता ऐकू आली.

दुपारी रामनाथांच्या बायको मंदाताई जेवायला गेल्या, तेव्हा रंभाबाई स्टूल ओढून बसल्या. कामावर असताना पेशंटजवळ त्या कधी बसल्या नव्हत्या.

"काका, मी त्या दिवशी चुकीचं बोलले. मलाच भीती वाटते, म्हणून मी तसं म्हणते. बोटं काळी पडलीत. मी रोज बघते. तुम्ही बघत नाही."

"जा तू इथून!"

त्या गेल्या नाहीत. स्टुलावरच बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने रामनाथ पुटपुटले, "चप्पल हाय ना खाली?"

सकाळपासून तिसऱ्यांदा. रंभाबाई वाकता वाकता थांबल्या. "चप्पल बघायचीय, की पुढं घालता येईल का ते विचारायचंय?"

रामनाथांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "माझ्या बापाचा पाय असाच गेला. परत वाडीत नाय गेला तो. ओट्यावर बसून बसून मेला."

नेहमीचं वाक्य रंभाबाईंच्या ओठांवर आलं. ते गिळून त्या उठल्या. "थांबा, विचारून येते."

डॉक्टरांकडून परतल्या त्या मोजकंच घेऊन. "अंगठ्याची चप्पल पायात राहणार नाही. मागून पट्टा असलेली राहील. जखम भरली की वाडीत जाता येईल, पण अनवाणी कधीच नाही. उशीर केलात तर मात्र यातलं काहीच सांगता येत नाही म्हणाले."

रामनाथ म्हणाले, "पट्टी सोडायला सांग. बघू दे."

अर्चना सिस्टरनी पट्टी सोडली. या खेपेला ते छताकडे बघत नव्हते. "वास मारतोय," एवढंच म्हणाले आणि सहीसाठी हात पुढे केला.

दोन बोटं गेली, पाय राहिला. घरी जायच्या दिवशी मंदाताईंनी पालघरहून पट्ट्याची सँडल आणली.

"हा रंग कोण घालतो, मंदा? बँडवाला?"

"मग नका घालू. बसा ओट्यावर!"

बँडेजमुळे अजून घालता येत नव्हती. ती मांडीवर धरून रामनाथांनी विचारलं, "मावशी, राहील ना ही पायात?"

रंभाबाईंचा हात सवयीने त्यांच्या पाठीवर गेला.

"डॉक्टर म्हणतात राहील. मी अजून पायात पाहिलेली नाही, काका. घालून दाखवायला या."